कुसुमच्या भाषणाला माझी पुरवणी

कुसुम,

गुरुवारी सकाळी चहा झाल्यावर मी तुझ्या चार सुया ओवल्या. रोजच्यासारख्या. तीन गोधडीच्या, बारीक दोऱ्याच्या. चौथी जाड, पांढऱ्या दोऱ्याची. ती तू मुद्दाम मागितली होतीस, भाषणाचे कागद शिवायला. शैला ऑफिसला निघता निघता टेबलावर स्टेपलर ठेवून गेली होती.

"आई, एक क्लिक करायचं फक्त," असं म्हणाली पोरगी.

तू तो स्टेपलर बोटानं लांब सारलास. म्हणालीस, "पेपर दोऱ्यानं बांधतात." तीस वर्षं बार्शीच्या शाळेत पोरांच्या उत्तरपत्रिकांना पुरवण्या बांधून घेतल्यास तू. अमेरिकेत आलीस तरी ती सवय गेली नाही.

माझे कान गेले, तुझे डोळे. गिरणीच्या साचे खात्यात एकवीस वर्षं उभा राहिलो, साचा म्हणजे माग, शंभर माग एकदम चालायचे, त्यात कान राहतील कसे? तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी सुईचं भोक काही तुला दिसेना. मग मी दोरा तोंडात धरायचा, ओला करायचा, दातानं चपटा करायचा आणि ओवायचा. तू म्हणायचीस, "शी! उष्टा दोरा." म्हणायचीस आणि तोच घ्यायचीस. दातानं तोडला तर मात्र ओरडायचीस, कात्री घ्या म्हणून.

त्या दिवशी सुई घेतलीस, आणि आपण भांडलो.

भांडणाचं कारण तुला ठाऊक आहे, पण मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. रविवारी पिस्कॅटवेच्या लायब्ररीत आपल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तुझं भाषण होतं. इंग्रजांच्या गिरण्या आणि आपलं कापड, असा विषय. दोन महिने तू त्यासाठी वाचत होतीस. भाषणात एक ओळ होती: 'लँकेशायरचा विणकर आमच्या विणकराच्या उपाशी पोटावर जेवला.' मी म्हटलं, ही ओळ खोड.

तू गिरणीवाल्यांसारखे नुसते ओठ हलवून म्हणालीस, "का खोडू? खोटी आहे?"

"अर्धी खोटी आहे. मालक जेवला म्हण. विणकर कशाला म्हणतेस?"

"मालकाच्या ताटातलंच पडलं ना त्याच्या ताटात?"

"पडलं असेल. तुला काय माहीत किती पडलं? तू साच्यावर कधी उभी राहिलीस? तू आपली पुस्तकातून बघतेस सगळं."

हे मी बोललो. बोलायला नको होतं. तुझा चेहरा बघितला मी. तू चिडलीस की ओठ अगदी सावकाश हलवतेस, एकेक अक्षर वेगळं. तसं म्हणालीस, "मग लिहा तुम्ही."

मी म्हटलं, "मला कुठं लिहिता येतंय?" आणि खाली गेलो.

दुपारी मुगाची खिचडी टाकली. तुला आवडते तशी, पातळ. ताट घेऊन वर आलो तर तू खुर्चीत होतीस, मांडीवर कागद होते, आणि तू नव्हतीस. मी शैलाला फोन लावला आणि ओरडत राहिलो. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही. अँब्युलन्सवाले आले ते तिनंच पाठवले. ते म्हणाले, हार्ट होतं, झटक्यात गेलं असेल.

झटक्यात गेलं असेल. असेलच म्हणाले ते. कुसुम, तू हाक मारली होतीस का ग? वरून हाक मारली असशील तर मला ती ऐकू येणार नाही, हे तुला माहीत होतं. माझ्याशी बोलायचं तर समोर यायला लागायचं. पंचावन्न वर्षं समोर येऊन बोललीस. त्या दिवशी मी समोर नव्हतो, राग धरून खाली मूग धूत बसलो होतो. हे मी शैलाला सांगितलं नाही. तुलाच सांगतो.

हे भांडण काही गुरुवारचं नव्हतं. लग्न झालं त्या वर्षीच्या दसऱ्याचं होतं.

दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा असायची. त्या दिवशी बायकापोरांना आत सोडायचे. तुझे वडीलही गिरणीवालेच, पण तुझ्या वडिलांचं खातं वेगळं. माझा साचा तू पहिल्यांदा बघितलास. मी तो आदल्या दिवशी रॉकेलनं पुसला होता, झेंडूची माळ घातली होती. हळदीकुंकू लावताना लोखंडावरच्या उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. कुठल्याही मागावर असतात तशी अक्षरं. सहा वर्षं त्यांच्यावर हात ठेवून उभा होतो, पण काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि ती अक्षरं इंग्रजी.

तू वाकून वाचलंस. "ब्लॅकबर्न."

"म्हणजे?"

"गाव आहे, इंग्लंडातलं. अहो, तुम्ही कुणाला कुंकू लावताय, ठाऊक आहे का?" आणि सगळ्यांसमोर, नवी नवरी, तू मला इतिहास शिकवलास. आपलं कापड तिकडे गेलं तर भारी जकात, तिकडचं इकडे आलं तर जवळजवळ मोकळं. ढाक्याच्या विणकराचा धंदा कसा बसला, सोलापूर-पैठणकडच्यांचा कसा बसला. शेवटी म्हणालीस, "तुमच्याच पणजोबांचा हातमाग चुलीत घातला ना? सासूबाई सांगत होत्या."

घातला होता. खरं आहे. आमच्या घरी माग होता, लुगडी विणायचे. मिलचं कापड आलं, गिऱ्हाईक गेलं. एका दुष्काळात तो माग फोडून जाळला, असं आजी सांगायची. बाभळीचं लाकूड होतं, म्हणे, छान जळलं.

जॉबर, आमचा मुकादम, हसत होता. मला राग आला. पण मी कुंकू पुसलं नाही. म्हटलं, "ज्यानं हा ओतला, त्याचे हात पण भाजलेच असतील. त्याला लावलं."

तू म्हणालीस, "भोळे आहात."

तेव्हापासून हे चालू होतं. मध्ये दोन-दोन वर्षं विषय निघायचा नाही. मग रेडिओवर काहीतरी लागायचं, नाहीतर तू आठवीचा धडा शिकवून यायचीस, की पुन्हा सुरू. तू बोलायचीस ते पुरावे देऊन. माझ्याकडे काय पुरावा? मी नुसता म्हणायचो, "तो पण उभाच होता ना माझ्यासारखा." तू म्हणायचीस, "उभा होता, पण कुणाच्या छातीवर?"  मी जेवायला बसायचो.

इथे आल्यावर, शैलानं आपल्याला बोलावून घेतल्यावर, तुला ती लायब्ररी सापडली. मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळतात, असं लहान पोरीसारखी मला सांगत आलीस. दुपारी तू वाचायचीस आणि मग माझ्याकडे तोंड करून, आवाज न काढता, ओठांनी मला मराठीत सांगायचीस. शेजारची बाई खिडकीतून बघायची, तिला वाटत असेल म्हातारी वेडी झाली.

त्यात एकदा तूच सांगितलंस की, इंग्लंडातही हातमागवाले होते. यांत्रिक माग आले तेव्हा तेही उपाशी मेले. काहींनी रात्री जाऊन यंत्रं फोडली, आणि त्यांना फाशी दिलं, काहींना बोटीत घालून दूर देशी पाठवलं. त्यांच्याच सरकारनं. मी मांडीवर हात मारला. म्हटलं, "बघ! त्यांचा पण माग चुलीत गेला!"

तू पुस्तक मिटलंस. म्हणालीस, "तुम्हाला सांगायलाच नको होतं." पण हसत होतीस.

आणि मग ती मॅसॅच्युसेट्सची ट्रिप.

शैला आपल्याला जुन्या गिरणीचं म्युझियम बघायला घेऊन गेली. गाडीत चार तास. आत गेलो आणि जमीन हालायला लागली पायाखाली. माग चालू होते, सगळं खातं चालू. लोक कानात बोळे घालत होते. मला बोळ्याची काय गरज? मी पायानं ऐकत होतो. मला रडू आलं ते तू बघितलंस आणि शैलाला तिकडे दुसरं काहीतरी दाखवायला नेलंस. त्याचे उपकार मी कधी बोललो नाही.

एक माग बंद पडला. ताण्याचा तार तुटला होता. तिथली म्हातारी गाईड, गोरी, माझ्याच वयाची, तार ओढायचा आकडा शोधत होती. मला कळलंच नाही मी काय करतोय. दोरी ओलांडली, आत गेलो, तुटलेली टोकं धरली, गाठ मारली, फणीतून ओढून घेतला आणि हँडल टाकलं. माग चालू. सवयीनं लोखंडाला हात लावून कपाळाला लावला. मागून गार्ड ओरडत होता, म्हणे. सगळं म्युझियम वळून बघत होतं. मला काय ऐकू येतंय?

शैला लाल झाली होती. "बाबा! यू कान्ट जस्ट... रोप लावलीय ना तिथे!"

तू पुढे झालीस. एवढ्या गोंगाटात माझ्यासमोर उभी राहिलीस आणि नेहमीसारखं ओठांनी म्हणालीस, "बाहेर या. पोलिसांना बोलावतील. गाठ छान मारलीत."

ते बघून ती गोरी म्हातारी जागीच थांबली. तिनं गार्डला हातानं लांब केलं. तिनं तुझ्या दंडाला धरलं आणि आपल्याला बाहेर बाकावर घेऊन आली, आणि भडाभडा बोलायला लागली. मला एक अक्षर कळेना. तिचे ओठ इंग्रजी. मी तुझ्याकडे बघत होतो.

"काय म्हणते?"

तू म्हणालीस, "म्हणते, तिची आजी अशीच बोलायची. आजी आणि आजीची बहीण. स्वयंपाकघरात बसून, आवाज न काढता, तोंडं मोठी करून."

"कुठली आजी?"

तू पदर सारखा केलास. मग म्हणालीस, "लँकेशायरची."

त्या आजीला दहा वर्षांची असताना गिरणीत घातलं होतं. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. शाळेत झोप यायची म्हणून मार खायची. पुढे इकडे अमेरिकेत आली ती पण गिरणीतच. म्हातारपणी बहिरी. पुढचे दात नाहीत. हे सगळं तू मला सांगत होतीस, तुझ्या ओठांनी. पन्नास वर्षं ज्या बाईला तू शत्रूच्या घरात बसवलं होतंस, तिचं बालपण तुला माझ्यापर्यंत आणावं लागलं. तू एक शब्द गाळला नाहीस. गाळता आला असता, मला काय कळलं असतं? पण तू मास्तरीण. मांडीवर हात घट्ट धरलेस आणि सगळं खरं सांगितलंस.

मग त्या बाईनं एक जुना धोटा आणला. भोकाला तोंड लावून श्वास आत ओढला, तार कसा बाहेर घ्यायचा आणि आजीचे दात कशानं गेले ते दाखवायला. मी तिच्या हातातून घेतला आणि तसंच केलं. ती हसली. मी माझी कवळी काढून दाखवली. शैला म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा!" आणि तिघं म्हातारे हसत बसलो. त्या धोट्याला किती तोंडं लागली असतील, कुणाला खोकला, कुणाला क्षय. आम्ही सगळ्यांनी एकमेकांचं उष्टंच खाल्लं, कुसुम.

परत येताना गाडीत मी ऐटीत होतो. म्हटलं, आता ही हरली.  मग पेट्रोलपंपावर गाडी थांबली तेव्हा माझ्याकडे वळलीस.

"तिच्या आजीचे हाल झाले म्हणून तुमच्या पणजोबांचे कमी झाले का?"

मी म्हटलं, "नाही."

"झालं तर मग." आणि पुढे बघायला लागलीस.

तू कधी हरायची नाहीस. तेच बरं होतं.

आणखी एक बोलायचं राहिलं. गिरणी बंद पडली तेव्हा मी चाळीसचा होतो. दोन वर्षं मी घरात बसून होतो. तुझी शाळा होती, म्हणून शैला शिकली, म्हणून हे न्यू जर्सी. मी स्वयंपाक शिकलो. लोक हसायचे, नवरा भाकऱ्या थापतो. तू त्या वर्षी दसऱ्याला मला घेऊन बंद गिरणीच्या दारात गेलीस. आत सोडत नव्हते. तू हळदीकुंकवाचा करंडा काढलास आणि गेटच्या कुलपाला कुंकू लावलंस. तू, जी मला भोळा म्हणायची. मी विचारलं, "आता कुणाला लावलंस?" तू म्हणालीस, "तुमच्या एकवीस वर्षांना." आणि घरी येऊन वह्या तपासायला बसलीस. त्याला मी काही म्हटलं नव्हतं. आज म्हणतो. फार बरं वाटलं होतं.

आता शुक्रवारची सकाळ सांगतो, आणि थांबतो.

शैला खाली फोनवर होती, फ्युनरल होमशी बोलत होती. मी उठलो, चहा केला, आणि वर येऊन चार सुया ओवल्या. ओवून सुयांच्या उशीला टोचल्यावर कळलं काय केलं ते. मग काढता येईनात. बसून राहिलो तुझ्या खुर्चीत.

कट्ट्याच्या जोशीकाकांचा मेसेज आला होता, शैलानं फोन माझ्यासमोर धरला. 'रविवारचा प्रोग्रॅम कॅन्सल करू या ना? सगळ्यांना कळवतो.' मी म्हटलं, थांब, त्यांना थांबायला सांग.

तुझे कागद घेतले. तू शिवलेले होते, डाव्या कोपऱ्यात, तीन टाके, गाठ मागच्या बाजूला. मी हळू वाचतो. बोट ठेवून वाचलं. जकात आली, ढाका आलं. इथल्या शेतांत गुलामांनी वेचलेला कापूस आला. यादवी युद्धात तो कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या आणि तिथले कामगार उपाशी राहिले, तरी त्यांतल्या बऱ्याच जणांनी गुलामांच्या मुक्तीचीच बाजू धरली, ते आलं. हे तू मला आधी सांगितलं नव्हतंस. मग गिरणीमालक आपल्या वऱ्हाडाच्या कापसावर कसे तुटून पडले, ते आलं. गाठ मारणारा एक बहिरा म्हातारा आला, नाव न घेता. माझं तोंड गरम झालं.

मग ती ओळ आली. खोडलेली नव्हती. शाईनं, जशीच्या तशी. मला वाटलं, बरोबर आहे, तू कशाला खोडशील? आणि शेजारी समासात पेन्सिलीनं, पोरांच्या वहीत शेरा मारतेस तशा अक्षरात:

'इथे थांबणे. हे उठून भांडतील. बोलू देणे.'

मी ते चार-पाच वेळा वाचलं. मग कागद उलटले. शेवटच्या पानाखाली एक सुटा कागद होता, कोरा, रेघा मारलेला. शिवलेला नव्हता. वर उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'पुरवणी क्र. १', आणि खाली माझा गिरणीतला हजेरीचा तिकीट नंबर. मला वाटलं होतं तो फक्त मलाच आठवतो. शिवायला विसरलीस असं क्षणभर वाटलं. मग आठवलं. परीक्षेला तू पोरांना ओरडायचीस, घरी येऊन मला नक्कल करून दाखवायचीस: "आधी लिहा! कोरी पुरवणी बांधायची नाही!"

म्हणजे गुरुवारी मी खाली गेल्यावर तू रुसून बसली नव्हतीस. कागद आखत बसली होतीस.

मी पेन घेतलं. अर्धा तास लागला आणि एवढंच झालं:

'ओळ खोडू नये. माझ्या पणजोबाचा माग चुलीत गेला, त्यावर तिकडे भाकरी भाजली, हे खरं आहे. ज्यानं माझा साचा ओतला आणि जिनं त्याच्यावर दात घालवले, त्यांना पोटभर मिळालं नाही, हे पण खरं आहे. ती पहिलं सांगायची, मी दुसरं सांगतो. दोन्ही वाचावं.'

शुद्धलेखन तू बघायचं होतंस. शैलाला दाखवलं नाही.

जोशीकाकांना कळवलं, कॅन्सल करू नका. भाषण शैला वाचेल. त्या जागी थांबेल. मी उठेन.

मग चौथी सुई घेतली. तुझ्याच भोकांतून दोरा घातला, तीन टाके, आणि मागच्या बाजूला विणकराची गाठ मारली. कात्री समोरच होती. दोरा दातानं तोडला. तू ओरडली नाहीस.